एकोणीस वर्गणीदार

सांगली शहराची एक प्रत विश्रामबागेतल्या एका खोलीत राहत होती. खोली वातानुकूलित होती. खऱ्या सांगलीच्या नशिबी ते सुख नव्हतं. प्रतीतली माणसं खऱ्यांसारखीच उठायची, चहा करायची, भाजीच्या नावाने कुरकुरायची. फक्त त्यांचं एक वर्ष अकरा मिनिटांत उरकायचं. या प्रतीला सरकारी नाव होतं प्रतिनगर. खऱ्या शहरातल्या प्रत्येक घरामागे तिथे एक प्रतिघर होतं, तसंच खाणारं, तसंच पैसे राखून वागणारं.

प्रतिनगर उभं केलं होतं डॉ. वामन टिकेकरांनी. वय एकसष्ट, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, बोलणं मोजून. लोकांनी हौसेने धंदा काढायचा, तो बुडाला की नशिबाला बोल लावायचा, ही जुनी रीत बाजार मंडळाने बंद केली होती. वर्गणीवर चालणारा कुठलाही छोटा धंदा आधी वर्षभर प्रतिनगरात चालवून बघायचा. वर्षअखेर पाचशे वर्गणीदार टिकले तर परवाना, आणि सोबत मंडळाची शीतखोली. नाही टिकले तर रामराम.

त्या सकाळी टिकेकरांसमोर सुनेत्रा बिरनाळे बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात बारा कुप्या.

"यात विरजण आहे?" टिकेकरांनी विचारलं.

"हो सर. कृष्णा-नऊ. चौदा वर्षं लागली याला."

चौदा वर्षं लागण्याचं कारण टाकीदूध. गाई-म्हशी परवडेनाशा झाल्या तसं दूध कारखान्यातल्या टाक्यांत, यीस्टकडून तयार होऊ लागलं. चव बरी, साय बरी, चहाही बरा. पण जुनं विरजण त्याला लागेना. रात्री लावावं आणि सकाळी दुधात बोट बुडवून नवऱ्याकडे बघावं, असं दोन वर्षं घरोघरी चाललं. मग लोकांनी नाद सोडला आणि दही डब्यातलं आणायला लागले. सुनेत्रा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. तिने टाकीदुधाला लागणारे जिवाणू शोधले, पोसले, निवडले. आता दर सोमवारी ताज्या विरजणाची एक कुपी घरपोच द्यायची, अशी तिची योजना होती.

"दर आठवड्याला कशाला? एकदा दिलं की झालं ना?"

"घरी पुन्हापुन्हा लावत गेलं की तीन-चार आठवड्यांत दही पातळ होतं, आंबतं. ताजं लागतं." सुनेत्राने डब्याचं झाकण घट्ट केलं. "आणि सर, एक सांगून ठेवते. हे माझ्याकडे दोनदा मेलंय. जिवाणूंना खाणारा एक विषाणू असतो, जिवाणूभक्षक. तो प्रयोगशाळेत शिरला की एका दिवसात टाकीच्या टाकी साफ. या बारा कुप्या शेवटच्या. गोठवून ठेवल्या तरी वर्षभरात जीव सोडतात. ते आता घराघरांत पोचलं तरच टिकणार. माझा हा परवाना म्हणजे हौस नाही."

टिकेकरांनी मान हलवली आणि कळ दाबली.

अकरा मिनिटं दोघं भिंतीवरचा आकडा बघत बसली. तो तीनशेवर गेला, नऊशेवर गेला, थोडा घुटमळला आणि दोन हजार एकशे चाळीसवर थांबला.

"अभिनंदन, सुनेत्राबाई," टिकेकर म्हणाले. "पाचशेच्या जागी एकवीसशे. यावर्षीचा सगळ्यात चांगला निकाल आहे हा."

सुनेत्राच्या छातीवरचं ओझं उतरलं. रडावंसं वाटलं तिला, पण टिकेकरांसमोर रडायचं कसं, तो माणूस रुमालसुद्धा चौकोनी घडी घालून ठेवणारा. ती म्हणाली, "कुणी कुणी घेतलं ते बघता येईल?"

"नावं नाही दिसणार. घरं दिसतील."

तिने पहिली आपलीच इमारत उघडली. सहावा मजला. सहाच्या सहा घरं वर्गणीदार. शेवंताक्कांचं घरसुद्धा.

भिंतीवर प्रत्येक वर्गणीदार घरामागे एक, असे सहा दिवे लागले होते.

"सर, हे चुकलंय."

"काय?"

"शेवंताक्का माझ्या शेजारी राहतात. त्या विरजण विकत घेणार नाहीत. माझ्या दारात वाटी घेऊन येतील. बाकीचे चौघे त्यांच्याकडे जातील. एका मजल्यावर एक कुपी आली तर दुसरी कोण घेईल? विरजण कधी कुणी विकत घेतलंय का?"

"लोक एकमेकांना फुकट देतात, म्हणायचंय तुम्हाला?"

"देतात म्हणजे काय, नाही म्हणता येत नाही. वाटीभर साखर, चार मिरच्या, कढीपत्त्याची डहाळी, हे तुमच्या प्रतिनगरात आहे का?"

टिकेकरांनी चष्मा काढून पुसला. "नाही. ज्या देवघेवीला पैसे लागत नाहीत ती घेतली नव्हती. मला ती नगण्य वाटली."

"घाला मग."

"सुनेत्राबाई, तुमचा निकाल लागलेला आहे. मी सही करतो, तुम्ही परवाना घेऊन घरी जा. चूक माझी आहे, तुमची नाही. आणि ती सुधारली तर आकडा कुठे जाईल ते तुम्हालाही कळतंय."

कळत होतं. चौदा वर्षं आणि बारा कुप्या एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात शेवंताक्कांची वाटी. क्षणभर तिच्या मनात आलं, गप्प बसावं. कोण विचारतंय? पण सुनेत्रा बिरनाळे ही बाई नको तिथे सरळ होती, त्यापायी दोन नोकऱ्या गेल्या होत्या तिच्या.

"खोट्या आकड्यावर शीतखोली घेऊन मी काय करू? घाला तो नियम. मी बसलेय."

नियम घालायला पाऊण तास गेला. कोण कुणाकडे मागायला जाईल, कोण देईल, कितीदा; टिकेकर विचारत गेले, ती सांगत गेली. "समोरच्याकडे आधी. मग वरच्या मजल्यावर. भांडण असेल तरी विरजण देतात, फक्त बोलत नाहीत."

पुन्हा अकरा मिनिटं. आकडा चारशेपर्यंत चढला, मग असा घसरला की बघवेना. वर्षअखेर राहिले एकोणीस.

"वाईट वाटतं," टिकेकर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं.

सुनेत्राने पदराने कपाळ टिपलं. "वर्षाच्या पुढे चालवा."

"मंडळाला वर्षभराचाच निकाल लागतो."

"मला लागतोय. दोन्ही चालवा, नियमाशिवायचं आणि नियमाचं. आणि जिवाणूभक्षक सोडा त्यात, मी त्याची आकडेवारी देते."

टिकेकरांनी भिंतीचे दोन भाग केले. डावीकडे दोन हजार एकशे चाळीस दिवे, उजवीकडे एकोणीस. तेरावा महिना सरला. चौदाव्या महिन्यात डावीकडच्या शीतखोलीत जिवाणूभक्षक शिरला, आणि सोमवारच्या कुप्यांबरोबर घराघरांत गेला. एका आठवड्यात डावी भिंत काळी पडली. एकही घर राहिलं नाही.

"सगळी एकदम कशी?" टिकेकर पुढे वाकले.

"कारण सगळीकडे एकच वंश. दर सोमवारी मीच ताजा नेऊन देत होते ना. सगळ्या घरांना एकच कुलूप, मग चोराला एक किल्ली पुरते." ती उठून भिंतीपाशी गेली. "माझ्या वर्गणीनेच मारलं त्याला, सर. परवाना मिळाला असता तर चौदा महिन्यांत कृष्णा-नऊ संपलं असतं."

उजवीकडेही सुनेत्राचा साठा मेला होता. एकोणीस दिवे विझले होते. पण टिकेकरांनी प्रतिनगराला विकत घेणाऱ्यांऐवजी दही लावणारी घरं दाखव म्हटलं, आणि भिंत उजळली. एकतीस हजार घरं. कुणाचं दही बिघडलं की ते शेजारी जात होते, शेजाऱ्याचं बिघडलं की वरच्या मजल्यावर. प्रत्येक स्वयंपाकघराचं तापमान वेगळं, भांडं वेगळं, हात वेगळा. जिवाणूंचे वंश वेगळे होत गेले होते. इथे एक किल्ली चालत नव्हती. काही घरांतलं मरत होतं, आणि दोन दिवसांत दुसऱ्या घरातून परत येत होतं.

"मागणी शून्य," टिकेकर पुटपुटले, "आणि माल घरोघरी."

"विकायला परवाना लागतो. वाटीत घालून द्यायला लागतो का?"

टिकेकरांनी मंडळाचे नियम उघडले. बराच वेळ वाचले. "देण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही."

"मग आजपासून देते. एक कुपी माझ्याकडे, अकरा अकरा मजल्यांवर." तिने डबा उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. "ते एकोणीस कोण, सर?"

"म्हणजे?"

"शहरभर फुकट मिळत असताना ही एकोणीस घरं पैसे देऊन घेत राहिली. का?"

ते टिकेकरांनाही सुचलं नव्हतं. त्यांनी यादी उघडली, आणि सुनेत्रा एकेक वाचत गेली. नुकतीच परगावाहून बदलून आलेली नर्स. नदीकाठच्या बंगल्यात एकटी राहणारी बाई, आजूबाजूचे प्लॉट रिकामे. आठव्या मजल्यावरचा तरुण जोडा, मजल्यावरची बाकीची घरं बंद.

"यांना मागायला दारच नाही," ती म्हणाली. "ज्यांना शेजारी नाही तेच माझे गिऱ्हाईक." मग शेवटची ओळ वाचली. "विश्रामबाग, पाणवठा संकुल, बाविसावा मजला. एकटे गृहस्थ, वय एकसष्ट. मजल्यावर पाच घरं आहेत आणि पाचही भरलेली. मग यांना काय झालं? इथे नोंद आहे, चार वर्षांत यांच्या दारावर कुणी आलं नाही, हे कुणाच्या गेले नाहीत. कोण असतील हो हे?"

टिकेकरांनी वरची गुंडी उगाच चाचपली.

"मी," ते म्हणाले. "बायको गेली, निर्मला. त्यानंतर तिथे राहायला गेलो."

वाटीची देवघेव या माणसाला नगण्य का वाटली, ते आता सुनेत्राला विचारायची गरज नव्हती.

अर्ज नामंजूर झाला. संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणवठा संकुलाच्या बाविसाव्या मजल्यावरची घंटा वाजली. दारात सुनेत्रा, हातात झाकलेली वाटी.

"वर्गणी नाही," ती म्हणाली. "पण अट आहे. उरलेल्या चार घरांत तुम्ही स्वतः द्यायचं. आणि माझं मेलं की मी मागायला येईन."

"माझ्याच्याने ते दारं ठोठावणं..."

"सर, एकतीस हजार घरांचं वागणं तुम्ही भिंतीवर बसवलंय. चार दारं वाजवायला काय होतंय?"

उरलेल्या अठरा घरांतही ती तशीच गेली. नर्सने आधी दार उघडलं नाही. तिसऱ्या खेपेला उघडलं.

प्रतिनगराचा अंदाज तीन आठवड्यांनी चुकला. चौदाव्या महिन्यात नव्हे, पंधराव्यात सुनेत्राच्या घरातलं दही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतली टाकीही पाण्यासारखी पातळ. गोठवलेली कुपी केव्हाच मेली होती. तिने हात धुतले, वाटी घेतली आणि शेजारी गेली. शेवंताक्का लेकीकडे गेल्या होत्या, दाराला कुलूप. समोरच्यांचंही त्याच दिवशी गेलं होतं. मग ती रिक्षा करून विश्रामबागेत गेली.

बाविसाव्या मजल्यावर टिकेकरांच्या दारात तीन जोड चपला होत्या. आतून कुणीतरी हसत होतं. टिकेकरांनी दार उघडलं. वरची गुंडी मोकळी, हाताला पीठ.

"या, या. काय काढलंत?"

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवू?" सुनेत्राने रिकामी वाटी पुढे केली. "माझं मेलं सर. सगळं."

टिकेकर आत गेले आणि वाटी भरून घेऊन आले. दही घट्ट होतं, वाटी तिरपी केली तरी हलेना.

"हे मी दिलेलं?"

"तुम्ही दिलेलं दुसऱ्याच महिन्यात गेलं. मग समोरच्या पिंटोबाईंकडून आणलं, ते गेलं. हे खालच्या मजल्यावरून आलंय, त्यांच्याकडे कुपवाडहून कुणीतरी दिलेलं."

सुनेत्राने बोटावर घेऊन चाखलं. चव जराशी वेगळी होती, थोडी गोडसर. चौदा वर्षं जपलेलं कृष्णा-नऊ आता नव्हतं. त्याचा कुणी पणतू या वाटीत होता, आणि जिवंत होता. या वेळी मात्र तिला रडू आलं, आणि टिकेकरांनी खिशातला रुमाल काढून दिला. तो चुरगळलेला होता.

ती निघाली तेव्हा ते दारापर्यंत आले.

"वाटी माझी आहे ती, तुमची इथे राहिली," ते म्हणाले. "परत कराल तेव्हा रिकामी आणू नका. तो नियम आता प्रतिनगरात घातलाय मी."