शेवटचं प्रकरण कुणी वाचायचं

रहस्यकथा वाचून दाखवणाऱ्यानं आधी एक गोष्ट शिकावी. खुनी कोण हे त्याला ठाऊक असतं, पण ते त्याच्या आवाजाला ठाऊक असता कामा नये. बहुतेकांना हे जमत नाही. पहिल्याच प्रकरणात माळी येतो, "नमस्कार" एवढंच म्हणतो, आणि वाचणारा त्या नमस्काराला असं काही तेल लावतो की मी हातातलं काम न थांबवता म्हणते, "हाच."

धाकटी वैतागते. "ताई, एकदा तरी मला शेवटपर्यंत जाऊ दे गं."

आम्ही दोघी बहिणी कवळ्या बनवतो. डेंटिस्ट लोक माप पाठवतात, मी प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात लावते, आणि धाकटी मोटरवर घासून त्याला चकाकी आणते. घराच्या मागच्या खोलीत आमचं काम चालतं. तिला दोन दारं आहेत, एक घरात उघडणारं, दुसरं बोळात. काम हातांचं नि डोळ्यांचं, कान दिवसभर मोकळे. म्हणून आम्ही फोनवर पुस्तकं ऐकतो, तीही खुनाचीच. आई होती तेव्हा म्हणायची, दोन पोरी दिवसभर दात विचकून बसलेल्या कवळ्यांमध्ये बसतात आणि वर मुडदे ऐकतात, यांना कोण विचारणार? कुणी विचारलं नाही, आमचंही काही अडलं नाही.

इतकी पुस्तकं ऐकल्यावर माणसाला मतं होतातच, आणि मी माझी मतं गिळून बसणारी नाही. एक वाचणारा आहे, त्याला मी फुसफुस्या म्हणते. कुजबुजलं की ऐकणाऱ्याला भीती वाटते असा त्याचा समज आहे. भीती वाटत नाही, आवाज वाढवावा लागतो. मग पुढच्या वाक्याला तो ओरडतो आणि माझा दात मेणात तिरका बसतो. दुसरा बाईचा आवाज काढायचा म्हणून नाकात बोलतो, त्यामुळे त्याच्या सगळ्या बायका एकाच सर्दीनं मरतात. एक बाई आहेत, त्यांना प्रेत सापडलं की रडू येतं. अहो, तुम्हाला आलं तर आम्हाला कशाला येईल? हे सगळं मी ॲपवर पुस्तकाखाली लिहिते. लोक भांडतात. भांडू देत.

मग धाकटीला ते पुस्तक सापडलं. लेखकाचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं आणि वाचणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी होती. आवाज पुरुषाचा, मध्यम वयाचा. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसा तो वाचायचा. सोंगं नाहीत, कुजबूज नाही, कशाची घाई नाही. दुपारपर्यंत मी त्याला नाव ठेवलं, सावकाशराव. माझ्याकडून एवढा मान फार थोड्यांना मिळालाय.

गोष्ट दोन बहिणींची होती. दोघी एका घरात राहतात. रोज दुपारी कुणीतरी दार वाजवून विचारतं, "आहेत का घरात?" नाव सांगत नाही, कोण हवंय तेही सांगत नाही. त्या उघडत नाहीत. पुस्तकाचं पहिलंच वाक्य असं होतं: यांतली एक बहीण दार उघडणार आहे, आणि त्यानंतर ती कुणाला दिसणार नाही.

"सुरुवातीलाच सांगून टाकलं की," धाकटी म्हणाली.

"सांगितलं कुठं? कोण, ते नाही सांगितलं," मी म्हटलं. "याला म्हणतात धीर."

आमचे फोन आपापले, कानातही आपापलं. मोटरच्या आवाजात फोन मोकळा लावून उपयोग नसतो. त्यामुळे पुस्तक एकच असलं तरी आम्ही दोघी ते वेगवेगळंच ऐकायचो आणि चहाला बसलो की त्यावर वाद घालायचो.

एका जागी मला सावकाशरावांचं पटलं नाही. "ती दाराकडे" म्हणून ते थांबले आणि मग "वळली" म्हणाले. मी मोठ्यानं म्हटलं, "इथं थांबायचं नव्हतं. उगाच घाबरवणं झालं हे." मी नेहमीच अशी बोलते. चूक नक्की कुठं झाली ते लिहायचं होतं म्हणून जरा मागे जाऊन तेच पुन्हा लावलं. ती दाराकडे वळली. मधे थांबणं नव्हतं.

माझं ऐकणं चुकलं असेल, असं समजून मी पुढचा दात उचलला.

पुढे असं आणखी होत गेलं. एका उताऱ्यात घाई झाल्यासारखं वाटलं, मी तसं म्हटलं, पुन्हा लावला तर संथ. एका शब्दावर नको इतका जोर होता, पुन्हा लावला तर नव्हता. मी धाकटीला बोलले नाही. तिनं ते हसायला वर्षभर पुरवलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आयुष्यभर मी वाचणाऱ्यांना सुधारत आले, पहिल्यांदाच एकानं ऐकलं होतं.

बिनसलं ते चहाच्या वेळी. पुस्तक संपत आलं होतं, शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

"थोरलीच उघडणार," धाकटी म्हणाली. "दिसतंयच आता."

"थोरली कशी? धाकटी गेली ना कडीपर्यंत."

"थोरली गेली, ताई. कडीला हात लावला आणि परत आली."

"तुझं लक्ष मोटरमध्ये."

"आणि तुझं तोंडात."

मी माझा फोन टेबलावर ठेवला आणि तो भाग मोकळा लावला. सावकाशराव म्हणाले, "धाकटी उठली. तिनं कडीला हात लावला." मी धाकटीकडे पाहिलं. तिनं तिचा फोन माझ्या फोनशेजारी ठेवला, तेच प्रकरण, तोच भाग. "थोरली उठली. तिनं कडीला हात लावला."

आम्ही दोन्ही एकदम लावले. आवाज एक, चाल एक, श्वाससुद्धा एकाच जागी. सगळी वाक्यं एकमेकांवर बरोब्बर बसत होती आणि तेवढा एक शब्द आला की दोन व्हायचे. माझ्या फोनमध्ये ती जाणार होती. तिच्या फोनमध्ये मी.

चहा तसाच राहिला.

मी पुस्तकाच्या कंपनीला फोन केला. खुळ्यासारखं घाबरून बसायला मी काही पुस्तकातली बाई नाही. एक मुलगी बोलली, नीट बोलली, तिनं बघून सांगितलं.

"मॅडम, हे पुस्तक अर्धवट आहे. चुकून वर गेलंय. वाचणाऱ्यांनी शेवटचं प्रकरण वाचायला नकार दिला होता."

"का?"

"ते माहीत नाही मला. काम सोडून गेले ते. शेवटचं प्रकरण नाहीच आहे त्याला."

"आहे की. यादीत दिसतंय. अर्ध्या तासाचं आहे."

तिनं पुन्हा बघितलं. "इथं दिसत नाहीये, मॅडम. मी काढायला सांगते सगळंच. तुम्हीही फोनमधून काढून टाका."

आम्ही काढून टाकलं. त्या दिवशी आम्ही काहीच ऐकलं नाही. खोलीत नुसता ब्रशचा आवाज आणि मोटरची घरघर. दुसऱ्या दिवशीही तेच. धाकटी उगाच बोलत होती, कोणत्या डेंटिस्टची मापं कशी वाकडी असतात, कुणाचा माणूस कवळी न्यायला उशीर करतो. मग बोलता बोलता तिनं मोटर बंद केली, ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा चालू केली. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोटर चालू असली की ऐकू येतं," ती म्हणाली. "बंद केली की नाही येत."

"काय?"

"शेवटचं प्रकरण."

मी तिला बाजूला केलं आणि मोटरपाशी उभी राहिले. घरघर नेहमीची. तिच्या तळाशी, पातेल्याच्या बुडाला काही लागलेलं असावं तसा तो आवाज होता. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. घाई नव्हती.

"उद्या नवी मोटर आणू," मी म्हटलं.

"ताई, मोटरचं काही नाहीये हे."

"तुला कसं कळलं?"

"आता ती बंद आहे."

ती बंद होती. बटण धाकटीच्या बोटाखाली दबलेलं होतं, चाक थांबलेलं होतं. दुपारची वेळ, खिडकीतून टेबलभर ऊन, साच्यांच्या रांगा पांढऱ्याफटक. आणि त्या उजेडात सावकाशराव स्पष्ट वाचत होते. फोनमध्ये नाही, खोलीतही कुठल्या एका जागी नाही. डोकं वळवलं तरी आवाज त्याच बाजूला राहायचा, ज्या बाजूला आपलं बोलणं मनात उमटतं.

ते म्हणाले, दार वाजलं.

दार वाजलं नव्हतं. मी शपथेवर सांगेन. बोळात कुणी नव्हतं, खिडकीतून मला अख्खा बोळ दिसत होता.

ते म्हणाले, "आहेत का घरात?"

मग ते म्हणाले, "धाकटी उठली."

धाकटी उभी होती. ती कधी उठली मी पाहिलं नाही. तिचं तोंड बोळाच्या दाराकडे होतं. मी तिला थांबवायला हात पुढे केला तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तू कुठं निघालीस?"

मी टेबलापासून लांब आले होते. दार तिच्यापेक्षा माझ्या जवळ होतं.

तिला ऐकू येत होतं, थोरली उठली.

मला भीती वाटली, नाही वाटली असं नाही. पण भीतीच्या आधी मला जे वाटलं ते सांगते. मला राग आला. इतकी वर्षं ऐकतेय, इतक्यांना सांगतेय की वाचणाऱ्यानं वाचावं, गोष्टीत हात घालू नये. आणि हा माणूस, किंवा जे काय होतं ते, आमच्याच घरात, भर दुपारी, माझ्या बहिणीला उठवत होतं.

ते म्हणाले, "तिनं कडीला हात—"

"चूक," मी म्हटलं.

खोलीत माझा आवाज फार मोठा वाटला.

"चुकीचं वाचताय तुम्ही. थांबा. मी वाचते."

माझ्या हातात कागद नव्हता, काही नव्हतं. मी धाकटीचा दंड धरला, तिला स्टुलावर बसवलं, शेजारी बसले आणि वाचायला लागले. सोंगं केली नाहीत. कुजबुजले नाही. शब्दावर जोर दिला नाही.

"दोघी बसल्या," मी वाचलं. "दार वाजलं. त्यांनी उघडलं नाही. बाहेरच्यानं विचारलं, आहेत का घरात. थोरली म्हणाली, आहोत. दोघीही आहोत. आणि राहणार आहोत."

तो आवाज माझ्याबरोबर चालू होता. माझी वाक्यं त्याच्या वाक्यांवर बसत होती, त्याची माझ्यावर. कुठं कुठं एखादा शब्द फुटायचा. तेवढ्यापुरता धाकटीचा दंड माझ्या हातात ताठ व्हायचा.

"धाकटी उठली नाही," मी वाचलं.

तो थांबला. मग पुन्हा, "थोरली—"

"थोरली उठली नाही."

"दार—"

"दार बंद राहिलं. बाहेरचा वाट बघून कंटाळला. तो गेला. दोघींनी आपलं काम पुढे सुरू केलं. संपलं."

मी कान देऊन ऐकलं. पुढे वाचायला कुणी नव्हतं. बोळात एका सायकलची घंटी वाजली. धाकटी म्हणाली, "चहा टाकू?" आणि तिचा आवाज अगदी तिचा होता.

त्या दिवसापासून बोळाच्या दाराला आम्ही कडी लावून ठेवली. डेंटिस्टची माणसं आता पुढच्या दारानं येतात, घरातून खोलीपर्यंत चालत येताना कुरकुरतात. कुरकुरू देत. आम्ही पुन्हा ऐकायला लागलो. फुसफुस्यासुद्धा ऐकला, इतका बरा वाटला की मी त्याला चार ओळी चांगल्या लिहिल्या. धाकटी पहिल्यासारखी झाली, म्हणजे माझ्याशी भांडायला लागली. मी जिंकले होते आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, एवढंच काय ते दुःख.

काल सकाळी ॲप उघडलं तर ते पुस्तक पुन्हा वर आलेलं. नावाखाली लिहिलेलं, पूर्ण. मी ते लावलं नाही. पण खाली कुणीतरी मत लिहिलं होतं, आणि मतं वाचल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं: "पुस्तक ठीक. शेवटचं प्रकरण मात्र एका बाईंनी वाचलंय, आणि काय वाचलंय. उगाच नाटक नाही. शांत, ठाम. अशा वाचणाऱ्या हव्यात. एकच खटकलं. त्या म्हणतात दार बंद राहिलं, आणि नेमकं त्यावेळी मागे कडी काढल्याचा आवाज स्पष्ट येतो. ध्वनिमुद्रण करताना असल्या गोष्टी कापायला हव्यात."

मी लगेच उत्तर लिहिलं. "कडी निघालेली नाही. तुम्ही चुकीचं ऐकलंत. दार बंद आहे."

लिहिलं आणि उठले. धाकटी समोर मोटरवर होती, आल्यापासून जागची हलली नव्हती. मी कोपऱ्यातल्या साच्यांना वळसा घालून बोळाच्या दाराशी गेले. कडी लागलेली होती. घट्ट, आम्ही लावली तशीच. मी तिच्यावर हात ठेवला.

लोखंड कोमट होतं, कुणी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखं.

मी हात काढला नाही. काढणारही नव्हते. तशीच धरून उभी राहिले, आणि माझ्या हाताखाली ते हळूहळू गार होत गेलं.