चौकटीवरचा हात

"आई गं!"

कॅनडातल्या मिल्टन गावाबाहेरच्या त्या जुन्या इनमध्ये, वाटसरूंच्या सराईत, शिरताना ठेंगण्या तुळईवर टिर्झाचं कपाळ आपटलं आणि तोंडून अस्सल मराठी बाहेर पडलं.

"फार लागलं का?" मागून उत्तरही मराठीतच आलं!

तिने चमकून वळून पाहिलं. भिजलेला कोट, चष्म्यावर नोव्हेंबरच्या पावसाचे थेंब... हेमचंद्र. इनच्या जागेवरून नवा रस्ता जायचा होता, त्याचा हा इंजिनियर. आणि पाडण्याआधी इमारतीचे नकाशे काढून ठेवायला टिर्झाच्या ऑफिसने तिला पाठवलं होतं. एकाने पाडायचं, दुसरीने जपायचं! तरी मोजायच्या टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं.

"इतकं बुटकं कशाला बांधलं?" त्याने विचारलं.

"बांधणारा इंग्लंडचा. आपल्या गावची इन आठवून आठवून त्याने इथे उभी केली. ओकच्या तुळया, लाकडाच्याच खुंट्या, घोडागाडी आत यावी म्हणून ही कमान. छप्परसुद्धा गवताचं! पहिल्याच विंटरला बर्फाने ते खाली बसवलं."

"हवामान बघून बांधायचं ना!"

"घराची आठवण आली की हवामान कोण बघतं?"

तो टेपवरचे आकडे वाचू लागला. त्यालाही साताऱ्याचं घर सोडून फार दिवस झाले नव्हते.

टिर्झा बाहेरून आली की तिची बोटं चौकटीच्या उजव्या बाजूला टेकत आणि मग ओठांना लागत. त्याने ते केव्हाच टिपलं होतं.

"एक विचारू? रागावणार नाही ना... तिथे काय आहे?"

"काहीच नाही." ती लाजली. "आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. पप्पा रोह्याचे. आमच्या दाराला उजवीकडे मेझुझा असतो, एक छोटीशी डबी, आत देवाचं वचन. येता-जाता हात लागतोच."

"पण इथे तर —"

"हाताला कुठे कळतं?"

त्याच्या हातून टेप सुटली आणि सर्रकन गुंडाळत तिच्याकडे गेली. दोघंही हसले, पण त्याची नजर तिच्या बोटांवरून हलली नाही.

नकाशे केव्हाच पुरे झाले. तरी दर रविवारी टिर्झाला काहीतरी मोजायचं राहिलेलं असेच! एकदा आत येताना त्याचाही हात नकळत चौकटीकडे गेला, तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही. तिने टेप खाली ठेवली.

"पप्पा लग्नाला नाही म्हणतील, हेमचंद्र. आई गेल्यापासून त्यांना मीच आहे. त्यांना दुखावून मी तुमच्याकडे येणार नाही."

"मग मी त्यांनाच विचारतो," तो म्हणाला.

मार्चमध्ये इन पाडली. पुढच्याच रविवारी तो रिचमंड हिलला त्यांच्या घरी आला. टिर्झाच्या पप्पांनी, सॅम्युएल रोहेकरांनी, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"तुम्ही सज्जन आहात. पण इथे आमची घरं अगदी मोजकी. एकेक वीट निघत गेली तर भिंत राहील का? तुम्ही इंजिनियर, तुम्हीच सांगा."

"नाही राहणार, काका." खोटं बोलणं त्याला जमलं नाही. "पण मला वीट काढायची नाही. टिर्झाचं सगळं तिच्या घरात तसंच राहील. दारावरचा मेझुझासुद्धा."

सॅम्युएल रिकामे कप गोळा करू लागले. हेमचंद्र उठला. स्वयंपाकघराच्या दारात टिर्झा डोळे पुसत उभी होती, तिच्याकडे बघणं त्याला झेपेना. त्याने बूट चढवले, दार उघडलं, आणि बाहेर पडता पडता सवयीने त्याचा हात उजव्या चौकटीला टेकला. तिथे नुसतं लाकूड होतं. बोटं ओठांना लावून तो वळला.

"तिथे नाही."

पप्पांचा आवाज!

सॅम्युएल सावकाश दारापाशी आले. "येताना उजवीकडे असतो. जाताना डावीकडे येतो." त्यांनी हेमचंद्रचा हात धरला आणि डाव्या बाजूच्या मेझुझावर टेकवला. तो हात त्यांनी लगेच सोडला नाही.

"पुढच्या वेळी लक्षात ठेवा," ते म्हणाले.