न छेडलेली तार

भिलाईच्या सिव्हिक सेंटरजवळील सभागृहाच्या पायऱ्यांवर, पौषातल्या एका कोवळ्या दुपारी, एक विलक्षण वस्तू चढत होती. माणसाहून उंच, काळ्या गवसणीत गुंडाळलेली, हंसाच्या मानेप्रमाणे माथ्याशी वळलेली. मजूर तिला आडवी करू पाहत होते, आणि पायथ्याशी उभी असलेली प्रणिता कळवळून सांगत होती, "आडवं नका करू हो... उभंच राहू द्या!"

कोणी ऐकेना. तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एका तरुणाने मोटारसायकल थांबवली आणि पायऱ्यांसमोर येऊन उजवी मूठ उंचावली. मजूर होते पोलादाच्या प्लांटमधले ठेक्यावरचे. मूठ म्हणजे 'थांब', हे त्यांच्या अंगी मुरलेले. सारे जागीच थिजले. मग त्याने तर्जनी वर करून हलकेच फिरवली, म्हणजे 'उचला', आणि अखेरीस तळवा खाली झुकवला, म्हणजे 'उतरवा'. एक शब्द न उच्चारता ते ओझे फुलासारखे रंगमंचावर टेकले.

"मूर्ती हाय का जी?" त्याने विचारले.

"हार्प आहे. वाद्य."

"एवढं मोठं! वाजवते कोण?"

"मीच."

"आन् उचलते कोण?"

"आजपासून तुम्ही," प्रणिता म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईने लाजली.

त्याचे नाव ईशान. आजोबा भंडाऱ्याकडून प्लांट उभारायला आले, ते कॅम्प-१ या कामगारवस्तीतच रुजले. ईशान प्लेट मिलमध्ये क्रेनखाली उभा राहून खुणा देई.

आणि प्रणितेच्या कंठाविषयी काय सांगावे! वडील दिवाकरराव भट्टीवरचे कामगार. ती शाळेच्या प्रार्थनेत पहिल्यांदा गायली, तेव्हा शिक्षिका हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. त्या कंठाने पुढे तिला थेट वेल्सपर्यंत नेले. तेथे तिने हार्प आत्मसात केले. पाश्चात्य संगीतात सोप्रानो म्हणतात तो स्त्रीकंठाचा सर्वोच्च प्रदेश तिचा. इटालियन संगीतनाटकांच्या नायिका तिने उभ्या केल्या. प्राचीन चर्चच्या घुमटांखाली लॅटिन स्तोत्रे गायली. आणि त्याच हार्पवर आईचे नाट्यपद व गल्लीतला ददरिया, ते छत्तीसगढी लोकगीतही, तितक्याच निष्ठेने गायली. भाषा बदले, वेष बदले. स्वराचे पावित्र्य बदलत नसे. जर्मनीतील एका नाट्यगृहाने आता तिला तीन वर्षांसाठी बोलावले होते. तत्पूर्वी जन्मगावी एक मैफल, एवढीच तिची इच्छा होती.

ईशान पाळी सुटताच तालमीला येऊ लागला. पहिल्या रांगेत बसे आणि तिच्या ओठांवरची दृष्टी क्षणभरही ढळू देत नसे.

"असं टक लावून काय पाहून राहिले तुम्ही?"

"पाहून नाही राहिलो जी... ऐकून राहिलो."

"डोळ्यांनी?"

"ज्याले जसं जमते तसं."

ती हसून तारांआड चेहरा लपवी. हळूहळू 'तुम्ही' गळून पडले. त्याने तिला मिलमधल्या खुणा शिकवल्या. ती मुद्दाम चुके, मग तो तिची बोटे धरून मूठ वळवून देई, आणि ती मूठ सोडवायचे दोघांनाही भान राहत नसे.

गाणे संपले की तिचा एकच प्रश्न असे. "शेवटचा सूर कसा होता?"

"एकदम बढिया."

त्या सुरासाठी तिने आयुष्य वेचले होते. तो उत्तुंग, केसाहून सूक्ष्म स्वर लागला की तिला स्वतःलाच गहिवरून येई. म्हणून त्याचे उत्तर तिला मोलाचे वाटे.

मैफलीच्या आदल्या सायंकाळी तिला खोडी सुचली. सारे पद गाऊन झाल्यावर अखेरच्या जागी तिने केवळ ओठ विलग केले... स्वर सोडलाच नाही.

"आज कसा होता?"

"आज तर कमाल! सगळ्यात भारी!"

प्रणितेचा चेहरा उतरला. "ईशान... आज तो सूर मी गायलीच नाही."

तिने तारांवरचे हात काढून घेतले.

"कावून खोटं बोललास? रोज थट्टा करत होतास माझी?"

"थट्टा नाही, प्रणिता." त्याने मान खाली घातली. "मिलच्या आवाजानं कान जातात, मंग सारेच असं करतात. घरी बायको, आई इचारते, आयकू आलं का? आम्ही म्हणतो, हो. माझ्या कानातून पहिले पाखरं गेली. मग सायकलची घंटी. तू वर चढली का आवाज मधातच सुटून जाते... अन् मले फक्त तुझा चेहरा दिसते. पण तो चेहरा पाहून वाटे, वर काहीतरी लय मोठं हाय. तेवढ्यासाठी येत होतो."

"मग सांगितलं कावून नाही?"

"सांगून काय झालं असतं? तुझं सारं वरच्या सुरात. अर्ध्यात थांबणारा माणूस तुले काय कामाचा?"

तो उठला. दाराशी पोहोचला, तोच मागून टाळी वाजली. त्याने वळून पाहिले. प्रणितेची मूठ उंचावलेली होती.

तो परत आला. तिने त्याचा तळवा हार्पच्या नादफलकावर टेकवला, त्या निमुळत्या लाकडी पाठीवर, जिथे साऱ्या तारा उतरतात. "दाबू नको. नुसता टेकव. आन् तारांकडं पाहा."

तिने तारांना हात लावला नाही. त्यांच्याजवळ मुख नेले आणि तो सूर गायली.

आणि कोणीही न छेडलेली एक तार धूसर झाली... थरथरू लागली! इतर तारा स्थिर. ती एकटीच, जणू तिला तिच्या नावाने हाक आली होती. आपल्या पूर्वजांनी आघातावाचून उमटणाऱ्या नादाला अनाहत म्हटले. योगी ज्यासाठी जन्म वेचतात, त्याची एक पुसट छाया त्या सायंकाळी लाकडातून एका कामगाराच्या तळव्यात उतरली.

"मुंगी चालल्यावानी..." ईशान पुटपुटला. "हे तू हाय?"

"मीच आहे."

"एवढी बारीक? एवढी... उंच?" त्याचे डोळे भरून आले. "पुन्हा गा ना."

ती पुन्हा गायली. पुन्हा, आणि पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सभागृह तुडुंब भरले होते. ईशान विंगेत उभा होता. अखेरचा सूर असा उंचावला, की श्रोते टाळी वाजवायलाही क्षणभर विसरले. ईशानचे कान तेव्हा रितेच होते; पण त्याने तळवा छातीशी धरला होता, आणि तेथे मुंगी चालत होती.

टाळ्यांच्या कल्लोळात बोलणे अशक्य होते. प्रणितेने विंगेकडे वळून स्वतःकडे बोट दाखवले, मग मूठ उंचावली. थांबू का? जर्मनीला नको जाऊ?

ईशानने तिच्याकडे डोळे भरून पाहिले. त्याची मूठ अर्धी वळली होती... त्याने ती उघडली. तर्जनी वर केली आणि हलकेच फिरवली. वर. आणखी वर. मग पायांखालच्या जमिनीकडे बोट दाखवून तो तसाच उभा राहिला. क्रेनवरचे ओझे सुखरूप टेकेपर्यंत खालचा माणूस आपली जागा सोडत नाही, हे त्यानेच तिला शिकवले होते.

प्रणितेने आसवांतून हसत तळवा पालथा केला आणि त्याच्याकडे बघत तो हळूहळू, अगदी हळूहळू खाली आणला. उतरेन, इथेच.