बॅटरीशिवाय गेलेली लाल गाडी

निहारची लाल स्पोर्ट्स कार एका सकाळी बॅटरीशिवाय नोएडाहून दिल्लीला गेली.

झालं, सांगून टाकलं.

आता ते विसरा. असं काही झालंच नाही. कसं होईल? बॅटरी जिन्याच्या पायरीवर गोधडी पांघरून पडली होती. बॅटरीशिवाय गाड्या कुठे जात नसतात. आपण शिकलेली माणसं आहोत.

अडचण एवढीच की निहार माझा सख्खा मामेभाऊ आहे आणि तो खोटं बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण त्याला जमत नाही. लगेच हसतो.

ही हकिगत सांगताना तो एकदाही हसला नाही.

साल सत्त्याण्णव, म्हणजे गेल्याच वर्षी. डिसेंबर संपत आलेला. नोएडातला एक सेक्टर, इतका नवा की रिक्षावाल्यांना तो अजून पटलेला नव्हता. इमारतीतले बहुतेक फ्लॅट लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले. तिथे माणसांपेक्षा कुलपं जास्त राहायची.

निहार तेव्हा एका परदेशी कंपनीत लागला होता आणि त्याचा पगार त्याच्या अकलेपेक्षा भरभर वाढत होता. त्याने दोन सीटची जुनी इम्पोर्टेड गाडी घेतली. विकणारे प्रॉपर्टी डीलर द्वारकाप्रसाद किल्ली देताना म्हणाले, "गाड़ी मक्खन है जी। बस बैटरी बढ़िया रखना। इसे धक्का मत लगवाना।"

"क्यों?"

"अच्छा नहीं लगता।"

कुणाला, हे निहारने विचारलं नाही. गाडी लाल होती. लाल गाडीसमोर माणूस प्रश्न विचारत नाही.

पण बॅटरीचं त्याने मनावर घेतलं. काश्मिरी गेटच्या बाजारात तो दिवसभर हिंडला. बॅटरीवर ठोकलेली तारीख वाचायची, महिनोन्‌महिने दुकानात पडून राहिलेली घ्यायची नाही. थंडीत इंजिन फिरवायची ताकद बघायची. खाचेत घट्ट बसते का बघायचं, कारण स्पोर्ट्स कार खड्ड्यांतही स्पोर्ट्सच असते आणि सैल बॅटरी आतल्या आत मरते.

"माझ्याशी लग्न करताना इतकी चौकशी केली नव्हतीस," रसिका म्हणाली.

"तू सैल बसत नव्हतीस ना."

रसिकाला नववा महिना होता. माहेरी पुण्याला जायचं ठरलेलं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. बाळ आडवं होतं. "कळा सुरू झाल्या की घरात थांबायचं नाही," त्यांनी निहारला बजावलं होतं. "उशीर झाला तर दोघींपैकी कुणाचीच खात्री नाही."

त्यांनी चुकून 'दोघी' म्हटलं होतं. निहार त्या रात्रीपासून नीट झोपला नाही.

म्हणून बॅटरी. थंडी वाढली तशी तो रोज संध्याकाळी ती काढून वर आणायचा. आधी निगेटिव्हची तार, मग पॉझिटिव्हची. टोकांना व्हॅसलीन चोपडायचा आणि गोधडीत गुंडाळून देवघराशेजारी ठेवायचा. बाळंतपणासाठी आलेल्या त्याच्या सासूबाई, सुनीतीबाई, हे सगळं आदराने बघायच्या. दसऱ्याला गाडीला हार घालणारी माणसं आपण, डिसेंबरात बॅटरीला गोधडी म्हणजे काहीच नाही.

ती सकाळ उजाडलीच नाही. खिडकीबाहेर धुकं. समोरची इमारत गेली. मग झाड गेलं. मग खिडकीचे गज तेवढे राहिले...

आणि रसिकाने हाक मारली.

निहारने फोन उचलला. लाईन मेलेली. टॅक्सी स्टँड फार लांब, आणि अशा धुक्यात कोण येणार? तो बॅटरी कवटाळून जिना उतरला, खाचेत बसवली, तारा आवळल्या, किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली.

साधी 'टक्' सुद्धा नाही...

"अहो निहारराव," सासूबाई रसिकाला धरून उतरत होत्या. "मी काल त्यात पाणी घातलंय. शुद्ध. तुम्हीच म्हणाला होतात ना, नळाचं चालत नाही म्हणून?"

"कुठलं पाणी, आई?"

"गंगाजल. हरिद्वारहून कॅनभर आणलं नव्हतं का? आधीचं शिळं झालं होतं हो, नाकाला झोंबत होतं. मोरीत ओतलं तर फरशी फसफसली! म्हटलं, पोटुशी बाई घरात, असलं काही नको. स्वच्छ विसळून भरलं."

मरणाऱ्याच्या तोंडात घालायचं पाणी त्यांनी बॅटरीच्या सहाही तोंडांत घातलं होतं. बॅटरीने रीतीप्रमाणे प्राण सोडला होता.

त्याने ती उपसून पायरीवर ठेवली. सासूबाईंनी तिच्यावर गोधडी घातली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"निहार," रसिका सीटवर वाकली होती. "आता नाही थांबवत."

तो वर धावला. कडी वाजव, दार ठोक. कुलपं हलली. आतून कोणी आलं नाही. गेटवरचा चौकीदार सकाळी दुधाला जायचा, आजही गेला होता.

एकच उपाय होता. गाडी जुनी, डायनॅमोची. जाणकार सांगतील, अशी गाडी बॅटरी नसतानाही धक्का मारून सुरू होऊ शकते.

होऊ शकते. धक्का कुणी मारायचा, एवढाच प्रश्न.

"आई, तुम्ही लावाल जोर? मला स्टिअरिंगवर बसायला हवं."

"लावते की."

निहार बसला. किल्ली फिरवली, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. मागची काच धुक्याने पांढरी.

"आई, मारा!"

गाडी हलली नाही.

"आई! मारा हो! कुणीतरी मारा!" तो ओरडला. पुढे तो कुणाला हाका मारत होता ते त्याला आठवत नाही. देवांची नावं संपली आणि मग त्याने नाव नसलेल्यांनाही बोलावलं, एवढं मात्र रसिकाला आठवतं.

गाडी हलली...

हळू. मग जोरात. मग इतकी जोरात, की निहारला सासूबाईंचं कौतुक वाटलं. क्लच सोडला. इंजिन खोकलं, धरलं.

"बास, आई! झालं!"

आणि पुढे, इमारतीच्या दुसऱ्या जिन्याच्या दारातून सासूबाई बाहेर आल्या. एका हातात बाळंतिणीची पिशवी, दुसऱ्यात थर्मास.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "मी पिशवी आणायला गेले होते!"

मागून धक्का चालूच होता.

निहार थांबला नाही. थांबला असता तर, असं तो आजही म्हणतो आणि वाक्य पुरं करत नाही.

यमुनेच्या पुलावर धुकं इतकं होतं की पूलही नव्हता. आणि मधोमध इंजिन बंद पडलं.

गाडी थांबली नाही...

इंजिनाचा आवाज गेला तेव्हा दुसरा ऐकू आला. गाडीच्या मागे अनवाणी पावलं. धावणारी. आणि धाप.

निहारने आरशात बघितलं नाही. फक्त ऐकलं. पावलं... धाप... पावलं... धाप...

मग पावलं थांबली.

गाडी तशीच जात राहिली.

धाप आता गाडीच्या आत होती.

"हात तसाच राहू दे रे," रसिका डोळे मिटून म्हणाली. "कपाळावर. गार आहे, बरं वाटतंय."

निहारचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

त्याने तिला सांगितलं नाही. "राहू देतो," म्हणाला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणालातरी मागे न बघता विनवलं, "प्लीज... काढू नका."

हॉस्पिटलच्या दारात गाडी आपोआप थांबली. रसिकाला स्ट्रेचरवरून आत नेलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर. त्यांनीही वाक्य पुरं केलं नाही.

निहार बाहेर आला तेव्हा रखवालदार गाडीपाशी उभा होता.

"भाईसाहब, पीछेवाले को भी उतार लो। ठंड में बैठा है।"

त्या गाडीत सीटमागे जागाच नाही. एक फळी आहे, तिच्यावर छत्री मावते. निहारने वाकून बघितलं. कुणी नव्हतं. मागच्या काचेवर दवात दोन तळवे उमटलेले, बोटं पसरून, जोर लावल्यासारखे. त्याने बाहेरून बाही फिरवली. पुसले गेले नाहीत.

ते आतून होते.

आतून ढकलून गाडी पुढे जात नाही. हे शाळेत शिकवतात.

संध्याकाळी त्याने द्वारकाप्रसादना फोन लावला.

"धक्का लगवाया?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"लगवाना पड़ा।"

ते अगदी हळू म्हणाले, "हमारे टाइम में वो बाहर ही रहता था जी।" आणि फोन ठेवला. पुढे तो नंबर लागलाच नाही.

निहारने नवी बॅटरी घेतली. तारीख बघून, घट्ट बसवून. किल्लीला गाडी लगेच सुरू होते. त्याने ती विकायला काढलीय. गिऱ्हाईकं येतात, आत बसतात, मागे वळून बघतात आणि "सोचके बताते हैं" म्हणून जातात. आणि धुकं पडलं की सकाळी गाडी गेटपाशी सापडते. हँडब्रेक ओढलेला, चाकांखालच्या विटा तशाच मागे राहिलेल्या. तोंड पुलाकडे.

परवा मुलीला ताप आला. टॅक्सी मिळेना, म्हणून तिघं त्याच गाडीतून गेली. दवाखान्यात रसिकाने बघितलं, तर टोपऱ्याचे बंद बांधलेले. गाठ वेगळीच. आमच्याकडे कुणी तशी मारत नाही. सुटलीही नाही, कापावी लागली.

मुलगी झोपली होती. ताप उतरला होता. कपाळ बर्फासारखं गार.

त्या संध्याकाळी निहारने अर्ज टाईप करून घेतला. मूळ हिंदीतला, मला मराठीत वाचून दाखवला.

"प्रति, मा. परिवहन अधिकारी. सदर वाहनाची नोंदणीकृत आसनक्षमता दोन आहे. तरी अर्जदाराची पत्नी व कन्या यांच्यासमवेत, आसन नसतानाही प्रवास करणाऱ्या अन्य व्यक्तीस (नाव, वय, पत्ता अज्ञात) वाहनातून उतरण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी आदेश व्हावेत. ते शक्य नसल्यास, सदर व्यक्तीस नेमके कोणाला कुठे पोहोचवायचे राहून गेले आहे, याची चौकशी होऊन अर्जदारास, कन्या पुन्हा आजारी पडण्यापूर्वी, कळविण्यात यावे, ही विनंती."