पफिन काय प्यायला?

"तराफा बुडाला तर दोष केरीचा," तारस म्हणाला. "पिंपं त्याने बांधलीत."

"आणि तरंगला तर?" केरीने विचारलं.

"तर माझा."

केरी आठ वर्षांचा होता आणि असल्या वाटणीला तो कधीच मान्यता देत नसे. त्याने हातातला दोर टाकून दिला आणि आपली काचेची बरणी उचलून तो रुसून बसला. बरणीत बेडकाची अंडी होती. सकाळपासून ती बरणी तो जवळून हलू देत नव्हता.

मे महिन्यातली तीन दिवसांची सुट्टी होती. हिवाळाभर कुलपात असलेली, लून बे या तळ्याकाठच्या वस्तीतली उन्हाळी घरं याच सुट्टीत उघडतात. सिग्रून आणि तिचा धाकटा भाऊ केरी अम्माबरोबर, म्हणजे आजीबरोबर, काल संध्याकाळी आले होते. आईबाबा उद्या येणार होते. शेजारचा तारस मात्र आठवडाभर आधीच आला होता. एरवी तो सिग्रूनला भेटला की अर्धा तास बडबडायचा. यंदा तो मोजकंच बोलत होता, कारण गेल्या रविवारी त्याची राखाडी मांजर मित्सी मेली होती. तिचा निळा पट्टा त्याच्या खिशातून बाहेर डोकावत होता. सिग्रूनने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

"पफिन कुठे गेला?" ती म्हणाली. "मघापासून दिसत नाही."

पफिन हा त्यांचा काळापांढरा कुत्रा. खादाडपणात त्याचा हात धरणारा अख्ख्या तळ्याकाठी कोणी नव्हता. खायचं काही बाहेर निघालं की तो हजर असायचा, आणि आत्ता अम्मा ओट्यावर विनारतेर्ता कापत होती. आलुबुखाराच्या सात थरांचा तो केक पफिनने सोडणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात तो झाडांमधून आला. चार पावलं सरळ चालला, मग त्याचे मागचे पाय बाजूला गेले आणि तो बसलाच. उठला, पुन्हा चालला आणि ओंडक्यावर आपटला.

केरी खो खो हसला. "नाचतोय बघ!"

सिग्रूनही हसणार होती. पण तिने तारसकडे पाहिलं आणि ती थांबली. तारसचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मित्सी अशीच चालत होती," तो म्हणाला. "गेल्या शनिवारी. अगदी अशीच."

सिग्रून धावत गेली आणि तिने पफिनचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने तिच्याकडे पाहिलं खरं, पण त्याची नजर कुठेतरी पलीकडेच लागली होती.

अम्माने लगेच शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टर रेयेसबाईंना फोन लावला. दवाखाना साठ किलोमीटरवर. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. सुट्टीत तळ्यावर येणारी तरुण मंडळी गांजा घातलेली बिस्किटं कुठेही टाकतात, कुत्री ती खातात आणि अशीच झिंगतात. झोपू द्या, उतरेल, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून ओततात ते अँटिफ्रीझ तर तो प्यायला नाही ना? घरांसाठीचं गुलाबी असतं, त्याची भीती नाही. पण मोटारीतलं हिरवं म्हणजे जहर. ते असेल तर एक मिनिटही थांबू नका.

गॉर्डकाका स्वयंपाकघरातच होते, नळाखाली डोकं घालून. हिवाळ्याआधी बाराही घरांचे नळ रिकामे करून त्यात अँटिफ्रीझ ओतायचं आणि मे महिन्यात ते काढून पाणी सुरू करायचं, हे काम वीस वर्षं तेच करत होते. अम्माने त्यांना विचारलं.

"छे, सगळीकडे गुलाबीच ओतलंय मी," नळाखालून आवाज आला.

झालं. फोन खाली ठेवला गेला. पफिनला घोंगडीवर निजवलं. गॉर्डकाका हात पुसत बाहेर आले, त्याला पाहून म्हणाले की लेकाला चांगलीच चढलेली दिसते, आणि केकचे दोन तुकडे घेऊन पुढच्या घरी निघून गेले.

सिग्रून मात्र घोंगडीपाशी बसून राहिली. पफिनचा प्रत्येक श्वास ती मोजत होती. मधेच एखादा श्वास लांबला की तिचाही अडकायचा.

दुपारी एकच्या सुमारास पफिन उठला. अंग झटकलं, सरळ चालत भांड्यापाशी गेला आणि लपालपा पाणी प्यायला. भांडं रिकामं झालं, तरी चाटतच राहिला. अम्माने आनंदाने टाळी वाजवली. केरीने उडी मारली. सिग्रूनच्या जिवात जीव आला.

"बघ," अम्मा म्हणाली, "उगाच घाबरलीस."

तारस दारात उभा होता. त्याने सिग्रूनला खुणेने बाहेर बोलावलं.

"तुला वाईट वाटेल, पण सांगतो," तो हळूच म्हणाला. "मित्सीने पण मान वर केली होती. दूध प्यायली. बाबा म्हणाले, बरी झाली, चला जेवायला. आई बटाट्याच्या सारणाचे पिरोही तळत होती, मी तेरा खाल्ले. सकाळी ती आमच्या पायऱ्यांखाली होती."

"म्हणजे पफिन बरा नाही झालेला?"

"मला माहीत नाही. पण मी तेव्हा जेवायला गेलो होतो."

सिग्रून तशीच आत गेली आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता शहरात जाऊ या. अम्माने तिला जवळ घेतलं. कुत्रा धडधाकट हिंडतोय, त्याला घेऊन जायचं आणि डॉक्टरांना सांगायचं काय? "काय प्यायला ते मला सांग, गाडीची किल्ली हातात घेते," ती म्हणाली. "नुसत्या भीतीवर ते औषध देणार नाहीत, राणी."

"मग शोधू," सिग्रून बाहेर येऊन म्हणाली. "मित्सी आणि पफिन दोघंही एकाच ठिकाणी गेली असणार."

"बारा घरं आहेत," तारस म्हणाला. "संध्याकाळ होईल."

"आपण नाही शोधायचं. पफिनलाच विचारू. एकदा गोड लागलं की तो पुन्हा तिथेच जातो."

तिने पट्टा बांधला आणि दोर सैल सोडला. पफिन आधी कचऱ्याच्या पिंपाकडे गेला, मग कुणीतरी माशांची आतडी टाकली होती तिथे. प्रत्येक घरामागे नळातून काढलेलं गुलाबी पाणी जमिनीत मुरत होतं. त्याने ते नुसतं हुंगलं आणि सोडून दिलं. सिग्रूनला वाटलं, फुकट चाललाय वेळ. एव्हाना दोन वाजत आले होते. पफिनच्या आत काय चाललं असेल?

तळ्याच्या टोकाशी शेवटचं घर गॉर्डकाकांचं. तिथे मात्र पफिनने दोर खेचला. शेपूट हलवत तो थेट मागच्या पायऱ्यांखाली शिरला.

तिथे आइस्क्रीमची एक पांढरी बादली होती.

लून बेला आइस्क्रीमच्या बादलीचं कोणालाच काही वाटत नाही. आइस्क्रीम संपलं की ती कधी फेकत नाहीत. तीत बेरी गोळा करतात, खिळे ठेवतात, बटाटे सोलतात. आणि दारोदारी कुत्र्यांसाठी पाणी भरून ठेवतात तेही तीतच. पफिन जन्मापासून तसल्याच बादलीतून पाणी पीत आला होता.

या बादलीतलं पाणी हिरवं होतं. अर्धी बादली रिकामी होती.

"मागे हो!" सिग्रूनने पफिनला ओढलं. केरीने वाकून बोट पुढे केलं, तिने त्याच्या हातावर फटका मारला. जिभेला न लावताच कळत होतं, वास गोडसर होता.

तारस गुडघ्यांवर बसला. बादलीच्या काठाला चार-पाच राखाडी केस चिकटले होते. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

"केरी, तुझी बरणी," सिग्रून म्हणाली. "डॉक्टरांना हे दाखवायला हवं."

"माझी बेडकं!"

"तळ्यात सोड. पळ!"

केरीने एकदा बरणीकडे आणि एकदा पफिनकडे पाहिलं. मग तो धूम पळाला.

नेमके त्याच वेळी गॉर्डकाका आले. मुलांना पाहून हसले, बादली पाहिली आणि त्यांचं हसू मावळलं.

"इथे काय करताय?"

"काका, यात काय आहे?" सिग्रूनने विचारलं.

"काय असणार? पावसाचं पाणी. शेवाळलंय." त्यांनी चटकन बादली उचलली. "खेळा जा तिकडे. ओतून टाकतो गवतात."

बरणी अजून आली नव्हती. बादली गवतात रिकामी झाली की संपलं. कोण विश्वास ठेवणार? सिग्रूनला ओरडायचं होतं.

"गॉर्डकाका," तारस उठून उभा राहिला. तो अजिबात ओरडला नाही. "पावसाचं पाणी आहे ना? मग एक घोट घ्या."

गॉर्डकाका थांबले.

"एकच घोट," तारस म्हणाला. "मित्सीने घेतला तेवढा."

गॉर्डकाकांनी बादलीकडे पाहिलं, काठावरच्या केसांकडे पाहिलं, आणि ती अगदी सावकाश खाली ठेवली. गेल्या रविवारी मित्सीसाठी खड्डा त्यांनीच खणला होता. म्हातारी झाली होती रे, असं म्हणत तारसच्या पाठीवरून हातही फिरवला होता.

"माझ्या घरासाठी गुलाबी पुरलं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "गारठा आला होता. गॅरेजात मोटारीचं पडलं होतं, ते ओतलं. बादलीत काढलं तेव्हा म्हटलं, विषारी आहे, नंतर नेऊन टाकू. बादलीवर घालायला झाकण नव्हतं, सगळी मासे पकडायच्या किड्यांच्या डब्यांना लावली होती. मग इतरांची कामं निघाली आणि... सकाळी अम्माने विचारलं तेव्हा माझं घर डोक्यातच आलं नाही. आणि आत्ता मी खोटं बोललो."

"पफिन सकाळी प्यायलाय," सिग्रून रडत म्हणाली. "काका, तुमचा ट्रक!"

केरी रिकामी बरणी घेऊन आला, तेव्हा गॉर्डकाका ट्रककडे धावत सुटले होते.

साठ किलोमीटर ट्रक कुठेही थांबला नाही. अम्मा मागच्या सीटवर पफिनला धरून बसली होती. निघताना तिने फोनवर डॉक्टरांना एवढंच सांगितलं होतं, "हिरवं." सिग्रूनच्या मांडीवर बरणी होती. कुत्रा चांगला जागा होता, खिडकीबाहेर नाक काढायला बघत होता. त्याला पाहून तिला जास्तच भीती वाटत होती.

डॉक्टर रेयेसबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बरणी उजेडात धरली, एकच प्रश्न विचारला, किती वाजता, आणि पफिनला आत नेलं. दार बंद झालं.

ती रात्र आणि दुसरा पूर्ण दिवस पफिन सलाइनवर होता. आईबाबा आले, त्यांनी समजूत घातली, पण सिग्रूनला घास गिळवेना. फोन वाजला की ती कानांवर हात ठेवायची.

सोमवारी सकाळी बाईंनी सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं.

"मूत्रपिंडं शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "बरा वाटतोय म्हणून उद्यावर टाकलं असतं, तर माझ्या हातात काही उरलं नसतं. मीही फोनवर चुकलेच. तुम्ही तिघांनी शोधलंत म्हणून हा वाचला. शाब्बास."

अम्मा पुढे आली आणि सगळ्यांदेखत तिने सिग्रूनची माफी मागितली. पुढच्या वेळी तू घाबरलीस तर मीही घाबरेन, असं ती म्हणाली. केरीने लगेच विचारलं की त्याने बेडकं दिली, त्याचं काय? त्याला वेगळी शाबासकी मिळाली.

तारस कोपऱ्यात उभा होता. "मित्सी वाचली असती का?" त्याने विचारलं.

बाईंनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि खरं ते सांगितलं. मांजराला फार तर तीन तास मिळतात, आणि तेही ठाऊक असलं तरच. तू जेवायला गेलास म्हणून ती गेली नाही, असंही त्या म्हणाल्या. तारसने मान हलवली. मग तो रडला, आठवड्यात पहिल्यांदाच. सिग्रून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

परतल्यावर त्यांनी पाहिलं तर गॉर्डकाका दारोदार हिंडत होते. प्रत्येक घरी स्वतःच्या तोंडाने चूक सांगत होते आणि बादल्या तपासत होते. तारसच्या ओट्यापाशी ते टोपी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. तारसने त्यांना आत या म्हटलं नाही. पण मित्सीच्या जागेवर ठेवायला त्यांनी तळ्यातला एक गुळगुळीत दगड आणला होता, तो त्याने घेतला.

संध्याकाळी दवाखान्यातून सुटलेला पफिन गॉर्डकाकांच्या ट्रकमधून उतरला. सलाइनच्या सुईसाठी पुढच्या एका पायावरचे केस काढलेले होते. तो थेट अम्माच्या ओट्याकडे गेला. तिथे त्याची नेहमीची आइस्क्रीमची बादली होती, पाण्याने भरलेली. त्याने तोंड खाली घातलं.

"थांब!" सिग्रून किंचाळली. पाणी तिने स्वतःच नळाखाली भरलं होतं, तरी तिला राहवलं नाही.

पफिन गोंधळून थांबला. तारस पुढे आला. बादलीपाशी गुडघे टेकून त्याने ओंजळीने पाणी घेतलं आणि एक घोट प्यायला. थोडा वेळ तसाच बसला. मग त्याने बादली पफिनकडे सरकवली.

"पी," तो म्हणाला.