भीती वाटेल तिथे हात वर करा

इंदू गेल्याचं कळलं तेव्हा मी रोह्याला एका लग्नाच्या मांडवात स्पीकर बांधत होतो. मेव्हणीचा, जनीचा फोन आला.

"दाजी, घरी या. ताईची पाटी गावली. ताई नाय."

माझी बायको खाडीत खुबे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला गेली होती. खुब्यांची पाटी कांदळात, काठच्या खारट झाडीत, अडकलेली सापडली. गावातल्या होड्या धरमतरपर्यंत फिरल्या. खाडीने तिला परत दिलं नाही.

आमच्याकडे भरती-ओहोटी तिथीवरून काढतात. इंदूला त्यासाठी कॅलेंडर लागत नसे. चुलीपाशी बसून सांगायची, "आज अष्टमी, पाणी लांब जायाचं नाय." आणि तसंच व्हायचं. ती भरतीत कशी अडकली हे मला अजून समजलेलं नाही.

माणूस सापडलं नाही तर दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. तो नवऱ्याने द्यायचा. गावातले जाणते दोनदा येऊन गेले. मी म्हटलं, थांबू थोडं.

गणपती झाल्यावर जगन आला. मुंबईच्या कंपनीचा तरुण माणूस. त्यांचा भुताचा सिनेमा अर्धा झाला होता. पुढचा भाग काढण्याआधी गावागावांत दाखवून लोकांना नक्की कशाची भीती वाटते ते त्यांना बघायचं होतं. पडदा, प्रोजेक्टर आणि आवाज माझा. घरात बसवत नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

पहिला खेळ जोह्याला, मूर्तीच्या एका कारखान्यात. हंगाम संपून शेड रिकामी होती. दुपारची वेळ, म्हणून खिडक्यांना ताडपत्री लावली. जगनने सांगितलं, "जिथे भीती वाटेल तिथे हात वर करा."

सिनेमा साधाच होता. एक मुलगी एकट्या बंगल्यात राहायला येते आणि जिन्यावर पांढऱ्या पातळातलं भूत दिसतं. भूत आलं तशा बायका हसायला लागल्या.

"एवढं पांढरं पातळ धुतं कोन गो?" धोंडुबाई म्हणाली. ती तिथली जुनी कामकरीण.

मग ती मुलगी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिते. तिथे काहीच नाही. माठ, ओटा, बंद दार. आणि तिथे हात वर झाले. एक, मग बरेच.

"मुलीची भीती वाटली?" जगनने नंतर विचारलं.

"पोरीची कशाला? मागं ती बाई व्हती ना," धोंडुबाई म्हणाली. "पाठमोरी. गुडघ्यापर्यंत चिखल."

जगनने तो तुकडा पुन्हा लावला. आम्ही दोघांनी पाहिला. माठ, ओटा, बंद दार.

"गंमत करतात, काका," तो म्हणाला. पण खूश झाला होता.

गागोद्याला जोह्याचं कोणी नव्हतं. तिथे शाळेशेजारच्या खोलीत वाडीवरची माणसं आली होती. पुन्हा माठापाशी हात वर झाले. बुधा नावाचा म्हातारा पुढेच बसला होता. खेळ संपल्यावर तो माझ्याकडे आला.

"ती आता वळलीय," तो म्हणाला. "कायतरी इचारते. तुमी आवाज नाय सोडला."

"तिथे आवाज नाही बाबा."

"तोंड हलतंय तिचं. मंग आवाज कुठं गेला?"

मी मशीन तपासलं. वायरी बदलल्या. रात्री घरी भात टाकला आणि तसाच ठेवला. चिखलाचे पाय कोणाचेही असतात, असं स्वतःला सांगितलं. पण मला बघायचं होतं. सगळ्यांना दिसते आणि मला का नाही, एवढंच डोक्यात होतं.

धाटावला कारखान्यातले कामगार होते, शिफ्ट सुटल्यावर आलेले. कोणी सांगलीचा, कोणी बीडचा. त्यांनी भुताला शिट्ट्या मारल्या. माठ आला आणि शिट्ट्या थांबल्या.

"साउंडवाले, आवाज सोडा की," अंधारातून कोणी म्हणालं. "बाई बोलतीय."

मी बटण शेवटापर्यंत फिरवलं. मला स्पीकरची घरघर ऐकू आली, बाकी काही नाही.

त्यांना आलं.

हात खाली गेले. एकेक माणूस मान वळवून मागे बघू लागला. पडद्याकडे पाठ करून सगळे माझ्याकडे बघत होते. मी विचारलं तेव्हा सांगलीवाला चप्पल शोधत म्हणाला, "तुमच्या घरातलं हाय, मामा. आमी काय सांगावं?"

जगनला शेवटचा खेळ आमच्या गावात हवा होता. मी नको म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

दुपारीच समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्री लावून चटया टाकल्या. जनी पुढे बसली. भूत आलं, कोणी हसलं नाही. मग माठ, ओटा, बंद दार.

एकही हात वर गेला नाही.

जनी चटईवर थोडी सरकली. तिच्या पलीकडची बाईही सरकली. मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

"बस गो," जनी हळूच म्हणाली.

दिवे लागले. लोक उठले आणि ती जागा चुकवून, कडेकडेने बाहेर गेले.

"काका, इथे एकही हात नाही?" जगन म्हणाला. "सगळीकडे हाच सीन चालला."

मी जनीपाशी गेलो.

"तुमाला दिसली नाय, दाजी?"

"नाय."

"आयकू पन नाय आली?"

"काय म्हणते?"

जनीने पदराने तोंड पुसलं. "इचारते, पानी कवा उतरल."

मी खिडकीकडे वळलो.

"सगल्यांना इचारून झालं तिचं," जनी म्हणाली. "आमी नाय सांगू शकत. सांगितलं की ती जायाची. ते तुमचं हाय."

"आता कुठे आहे?"

तिने चटईकडे पाहिलं. चटई न गुंडाळताच ती बाहेर गेली.

मी खिडकीची ताडपत्री काढली. ओहोटी केव्हाच लागून गेली होती. खाडीत लांबपर्यंत नुसता चिखल होता, उन्हात चमकणारा, आणि त्यावर बगळे चालत होते.

मी चटईच्या कडेला बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो.

दर्भ आणून ठेवला आहे. पुतळा बांधलेला नाही. पाणी उतरलंय, हे तिला सांगायचं राहिलं आहे.