शेळीचा घास

"हे पुस्तक उंदरानं खाल्लं का हो?"

लातूरच्या पुस्तकांच्या दुकानात हातातल्या फाटक्या चित्रांच्या पुस्तकासाठी चिकटपट्टी मागणाऱ्या शिवगंगानं झर्रकन मान वळवली. विचारणारा एक उंच, सावळा तरुण शेजारी पुस्तकांचा गठ्ठा बांधत होता. डोळे तर असे… जाऊ दे, डोळ्यांचं नंतर!

"उंदरानं न्हाई, लेकरांनी!" ती ठसक्यात म्हणाली. "किल्लारीला माझी बालवाडी हाय. ह्या चित्रातली शेळी पोरांना इतकी खरी वाटती, की रोज डब्यातली भाकरी तिच्या तोंडाला लावतात. घासून घासून तोंडच गेलं बिचारीचं! आमची चिमुकली महामाया रडून राहिली — आता शेळी जेवणार कशी?"

तरुणानं ते पुस्तक हातात घेऊन शेळीवर बोट फिरवलं. आणि शिवगंगाचं लक्ष त्याच्या गठ्ठ्याकडे गेलं. प्रत्येक पुस्तकावर तीच शेळी!

"म्हणजे… तुम्ही काढली?"

"हाव. मी सर्वेश, अर्धापूरचा." तो कसनुसा हसला. "खपलेलं एकमेव पुस्तक तुमच्याकडं दिसतंय. बाकीची परत नेतोय. चित्रं बंद. घरची केळीची बाग हाय की!"

शिवगंगाच्या काळजात लक्कन हललं. असा हात, आणि बंद?

"मग जाता जाता शेळीला तोंड तरी देऊन जा. का तेवढंबी जमत न्हाई?"

"डिवचून राहिल्या का मला?"

"हाव!"

किल्लारीला जाणाऱ्या जीपमध्ये दोघांच्या मध्ये गठ्ठा होता. तरी तिचे कान तापलेच.

बालवाडीत त्यानं शेळीचं तोंड रंगवलं. रंग वाळायची वाट कोण बघतंय! महामायानं लगेच तुकडा पुढं केला, "खा गं माय, उपाशी हायस." पोरं टाळ्या पिटत सुटली. सर्वेशचे डोळे — हां, आता डोळ्यांचं — काठोकाठ भरले होते. आणि शिवगंगाची मान अशी ताठ, जणू शेळी तिनंच काढली!

मग तो दर शनिवारी येत राहिला. म्हैस काढून झाली, कोंबडी झाली, देवणी गाय झाली.

एका शनिवारी डबे उघडले असताना तो हळूच म्हणाला, "शिवगंगा… कुंचला कायमचा ठेवायचाय."

"काय?" ती दचकली.

"तुमच्या घरात. चालेल?"

ती काही बोलायच्या आत महामाया ओरडली, "ताई, ह्यांनाबी भरव की! उपाशी हायेत!"

शिवगंगानं भाकरीचा तुकडा मोडला. मान जराही खाली गेली नाही. भर बालवाडीत, लग्नात भरवतात तसा तिनं त्याला घास भरवला.